सरकत्या खिडक्या: विदर्भातल्या गावाकडच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं घर बांधणारे, घरकुलाचं काम काढलेले आणि जुन्या घराच्या खिडक्या बदलणारे लोक जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं फूट, इंच आणि सुतात दिली आहेत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी.

१. स्लायडिंग खिडकी म्हणजे नक्की काय? टू-ट्रॅक आणि थ्री-ट्रॅकमध्ये फरक कोणता?

भिंतीत पक्की बसलेली चौकट आणि तिच्या खाचांतून आडवे सरकणारे पल्ले, एवढीच ही खिडकी. टू-ट्रॅकमध्ये काचेचे दोन पल्ले असतात. थ्री-ट्रॅकमध्ये त्यांच्या जोडीला डासांच्या जाळीचा तिसरा पल्ला येतो. फॅब्रिकेटरचे, म्हणजे खिडकी बनवून बसवणाऱ्याचे, शब्द माहीत असले की बोलणी सोपी जातात. चौकटीची खालची पट्टी म्हणजे ट्रॅक बॉटम आणि वरची म्हणजे ट्रॅक टॉप. पल्ल्याला तो शटर म्हणतो. शटरच्या खालच्या पट्टीत चाकं बसतात, ती बेअरिंग बॉटम. लॉक असलेली उभी पट्टी म्हणजे हँडल, आणि मधोमध दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात त्या पट्ट्या म्हणजे इंटरलॉक. पट्ट्यांच्या खाचेत एक केसाळ फीत असते, तिला वूल पाइल म्हणतात. धूळ आणि डास अडवायचं काम तिचं. भाव पाडायला लागलो की सगळ्यात आधी गाळली जाते तीही हीच.

२. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. स्लायडिंग घ्यावी की बिजागरीच्या पल्ल्यांची?

झळा आणि धूळ अडवण्यात बिजागरीची खिडकी सरस आहे, कारण तिचा पल्ला रबरावर दाबून बसतो. स्लायडिंगचा पल्ला सरकायचा असल्यामुळे त्याच्याभोवती थोडी फट राहणारच. शिवाय बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते, स्लायडिंग निम्मीच.

तरीही स्लायडिंगची बाजू काही ठिकाणी भक्कम आहे. वावधन आलं की बिजागरीचे पल्ले आपटतात आणि काचा जातात, सरकता पल्ला आपटत नाही. अंगणाकडच्या, ओसरीच्या किंवा गल्लीच्या बाजूला पल्ला बाहेर उघडायला जागा नसते, तिथेही स्लायडिंगच बरी. सगळ्या घराला एकच प्रकार लावायची गरज नाही. पश्चिमेला आणि निजायच्या खोलीला बिजागरीची, ओसरी-बैठकीला स्लायडिंग, अशी विभागणी आमच्या मते गावातल्या बहुतेक घरांना जमते.

३. खोलीला किती मोठी खिडकी लागते?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-कोरड्या हवेच्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश एवढी उघडी जागा हवी. यात दारं धरत नाहीत. १० × १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे १२ चौरस फूट उघडी जागा.

फसगत इथेच होते. ४ × ४ ची स्लायडिंग १६ चौरस फुटांची, म्हणून पुरेल असं वाटतं. पण ती उघडते निम्मी, त्यातून चौकट आणि इंटरलॉकची जाडी जाते. हातात राहतं साधारण २१ इंच रुंद आणि ४५ इंच उंच तोंड, म्हणजे जेमतेम साडेसहा चौरस फूट. तेव्हा अशा दोन खिडक्या हव्यात, आणि त्याही समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींत. एकाच भिंतीत दोन ठेवल्या तर हिशोब जुळतो, वारा मात्र खेळत नाही. एकच खिडकी शक्य असेल तर काचेच्या तीन पल्ल्यांची घ्या. ती दोन तृतीयांश उघडते, पण जाळी हवी असल्यास चौथा ट्रॅक लागतो.

४. कोणत्या भिंतीत मोठी खिडकी ठेवावी आणि कोणत्या भिंतीत टाळावी?

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्य आपल्याकडे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि नंतर जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेला राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत नवतप्यातही थेट ऊन शिरत नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तिथून सुखाचं ऊन येतं. म्हणून मोठी काच दक्षिणेला किंवा उत्तरेला शोभते. अनेक जण दक्षिण टाळून पश्चिमेला मोठी खिडकी ठेवतात आणि मग दर उन्हाळ्यात पोताडी बांधतात.

पश्चिमेला छज्ज्याचा भरवसा नाही. मेअखेर संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली असतो की दीड फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर आठ-नऊ इंचच उतरते, बाकी सगळी काच तापते. तिथे खिडकी ठेवायचीच असेल तर लहान ठेवा आणि बाहेरून आडोसा द्या: वेल, बांबूचा तट्टा, ग्रीन नेट, काहीही. काच तापल्यावर आतून लावलेला पडदा उशिराचा इलाज ठरतो.

५. स्लायडिंग खिडकीत कूलर कसा बसवायचा?

विदर्भातल्या घरात हा प्रश्न खिडकीची ऑर्डर देण्याआधी सुटायला हवा, नंतर त्याला स्वस्त उत्तर नसतं. कूलर खिडकीबाहेर, स्टँडवर, बाहेरची हवा ओढेल असा ठेवायचा असतो. चार फुटी स्लायडिंगमध्ये आपल्याला २१ इंचच तोंड मिळतं (प्रश्न ३). पत्र्याच्या मोठ्या कूलरचं तोंड याहून रुंद असलं तर तो लागतच नाही. बाहेरून पक्की ग्रील असेल तर कूलरचं तोंड ग्रीलच्या बाहेरच राहतं, मधल्या फटीतून अर्धा गारवा परत बाहेर जातो.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कूलरसाठी वेगळं तोंड. कूलर आधी मोजा आणि त्याच्या तोंडापेक्षा चहूबाजूंनी एक-एक इंच जास्त जागा भिंतीत सोडा. तिला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं बिजागरीचं झाकण करा, म्हणजे पावसाळ्यात बंद करता येतं. ही जागा सावलीच्या बाजूला, उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीत घ्या आणि वरून छज्जा येऊ द्या.

वेगळं तोंड शक्य नसेल तर फॅब्रिकेटरला सांगून खिडकीच्या एका टोकाला कूलरच्या मापाचा खण करून घ्या. उन्हाळ्यात त्या खणातली पट्टी स्क्रू सोडून काढता आली पाहिजे. ग्रीलचाही तेवढा भाग बिजागरीचा आणि कुलपाचा हवा.

दोन गोष्टी मात्र करू नका. भरलेला कूलर ट्रॅकवर किंवा खिडकीच्या कठड्यावर टेकवू नका. साठ लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन साठ किलो असतं, खालचा ट्रॅक वाकतो आणि पल्ले कायमचे अडकतात. आणि कूलर चालू असताना बाकीचं घर गच्च बंद ठेवू नका. समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि अंग चिकचिकतं. बोअरचं जड पाणी असेल तर तुषारांनी काचेवर आणि चाकांवर पांढरा क्षार बसतो, तो दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसावा.

६. ॲल्युमिनियम घ्यावं की यूपीव्हीसी?

यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक. ते उष्णता कमी वाहून नेतं, वाळवी-गंज यांचा त्याला त्रास नाही आणि त्याचे पल्ले जास्त घट्ट बसतात. पण चांगल्या प्रतीचं असेल तरच. पट्टीच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सळी आहे ना, हे कापलेल्या तुकड्यात डोळ्यांनी बघून घ्या. सळी नसलेली पाच फुटी चौकट आपल्या उन्हात वाकते. रंग पांढराच घ्या, गडद रंगाचं यूपीव्हीसी तापून फुगतं. हलक्या प्रतीचा माल काही वर्षांत पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो.

ॲल्युमिनियम उन्हात तापतं, हा त्याचा दोष. पण ते वाकत नाही, आणि चाक, लॉक, रबर बदलून देणारा माणूस तालुक्याच्या गावात सहज मिळतो. यूपीव्हीसीची पट्टी बदलायची तर वेल्डिंगचं मशीन लागतं, ते बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणीच असतं. म्हणून खेड्यातल्या घराला आम्ही ॲल्युमिनियम सुचवतो. अपवाद दोन: पश्चिमेची खिडकी, आणि एसी लावायची खोली.

७. फॅब्रिकेटर म्हणतो "पाऊण इंची सेक्शन" किंवा "डोमल". कोणता घ्यायचा? जाडी कशी ओळखायची?

पाऊण इंची म्हणजे सुमारे १८-१९ मिमी जाडीच्या पट्ट्यांचा पल्ला. तीन-चार फुटांपर्यंत तो चालतो. डोमल प्रकारातला पल्ला जाड असतो, साधारण २७ मिमी, त्याचा इंटरलॉक भक्कम आणि चाकं मोठी. पाच-सहा फुटी खिडकीला किंवा उघड्या शेताकडे तोंड असलेल्या खिडकीला तोच घ्या.

प्रकाराच्या नावापेक्षा पत्र्याची जाडी महत्त्वाची. चार फुटांपर्यंत १.२ मिमी, त्याहून मोठ्या खिडकीला १.५ मिमी किंवा जास्त. दुकानातच कापलेलं टोक व्हर्नियरने मोजायला सांगा. व्हर्नियर नसेल तर पट्टी दोन बोटांत धरून पिळून पाहा, पातळ माल लगेच वळतो. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचं हवं.

८. काच किती जाड? काळी, निळी, आरशासारखी लावली तर ऊन कमी लागतं का?

चार फुटी खिडकीला ४ मिमी पुरते, पाच फुटांच्या पुढे ५ मिमी. वजनही लक्षात घ्या. दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. २ × ४ च्या पल्ल्यात ४ मिमीची काच साडेसात किलोंची, ५ मिमीची सव्वानऊ किलोंची होते आणि हा सगळा भार दोन चाकांवर असतो. जाड काच घेतली तर चाकंही त्या वजनाची घ्या.

रंगीत काच उजेड कमी करते, पण स्वतः तापते आणि आतल्या बाजूलाही ऊब सोडते. छज्ज्यामुळे अशी काच अर्धी उन्हात, अर्धी सावलीत राहिली आणि तिच्या कडा घासलेल्या नसल्या तर कडेपासून तडा जातो. आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच ऊन परतवते, म्हणून ती रंगीतपेक्षा बरी. मात्र रात्री आत दिवा लागला की बाहेरून आतलं सगळं दिसतं, तेव्हा पडदा हवाच.

टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच कुठे लावायची? खिडकीची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांच्या आत असेल तिथे, लहान मुलं खेळतात तिथे, आणि गारपिटीचा मारा येतो त्या बाजूला. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. त्यामुळे ती मागवायच्या आधी माप दोनदा तपासा.

९. एक जण स्वस्त भाव सांगतो, दुसरा महाग. दोन्ही चौरस फुटाचेच. मग फरक कशाचा?

भाव चौरस फुटाचा असला तरी त्यात काय धरलं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. हे कागदावर लिहून घ्या: पत्र्याची जाडी, काचेची जाडी, चाकं नायलॉनची की स्टीलची, जाळी फायबरची की स्टीलची, वूल पाइल दोन्ही बाजूंना आहे का, लॉक किती, सिलिकॉन आणि फास्टनर (चौकट भिंतीला पक्की करायचे स्क्रू) धरलेत का, गावापर्यंतची वाहतूक कोणाकडे. माप चौकटीच्या बाहेरून धरणार की भिंतीच्या तोंडाचं, हेही ठरवा. थ्री-ट्रॅकचा भाव टू-ट्रॅकपेक्षा जास्त असणारच, त्यांची आपसात तुलना करू नका.

१०. माप कधी द्यायचं? वीटकाम झालं की लगेच देऊ का?

नाही. आतून-बाहेरून प्लास्टर, खालचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा आणि पुट्टी झाल्यावरच माप द्या. प्लास्टरची जाडी प्रत्येक बाजूने अर्धा ते पाऊण इंच खाते.

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. प्रत्येकातलं सगळ्यात लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत दोन सुतांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर तोंड तिरकं आहे, मिस्त्रीकडून आधी ते सरळ करून घ्या. तिरक्या तोंडात चौकट ठोकून बसवली की तीही तिरकी होते.

लहानात लहान मापातून ॲल्युमिनियमसाठी रुंदी-उंचीत दोन-तीन सूत वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला एक ते दीड सूत मोकळं राहतं. यूपीव्हीसीला तीन-चार सूत वजा करा. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसी पट्टी ३० अंशांच्या फरकाने तीन मिमीपर्यंत वाढते, ॲल्युमिनियमची एकच मिमी. काळ्या मातीवर घर असेल तर वरची फट थोडी जास्त ठेवा (प्रश्न १६).

११. बसवण्याचं काम चालू असताना आम्ही काय काय बघायचं?

आधी कठडा बघा. ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि त्याची कड बाहेरच्या प्लास्टरच्या एक-दीड इंच पुढे यायला हवी. कडेच्या खालच्या अंगाला खाच असली की पाणी भिंतीवरून न ओघळता खाली ठिबकतं.

मग चौकट उभी करतात. खालचा ट्रॅक लेव्हल पाइपने किंवा पाणसळीने, उभ्या पट्ट्या ओळंब्याने, कोपरे गुण्याने. डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. ट्रॅक एका बाजूला सूतभर जरी खाली असला तरी पल्ला आपोआप तिकडे सरकत राहतो आणि लॉक जुळत नाही.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पॅकिंग द्यावं, तेही नेमकं फास्टनरच्या जागी. पॅकिंगशिवाय स्क्रू आवळला की चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि मधोमध फुगते. पहिला फास्टनर कोपऱ्यापासून सहा-आठ इंचांवर, पुढचे दोन फुटांच्या आत. आठ मिमीचं भोक, लांबी तीन ते चार इंच. गावठी भट्टीच्या विटेत भोक कडेपासून किमान दोन इंच आत घ्या. फ्लायॲश विटेच्या किंवा ग्रॅनाइटच्या कडेला ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायला सांगा, नाहीतर कड उडते.

खालच्या ट्रॅकमधून शक्यतो स्क्रू मारू देऊ नका. मारलाच तर त्याच्या डोक्यावर सिलिकॉन हवं. पल्ले चढवल्यावर प्रत्येक पल्ला एका बोटाने सरकला पाहिजे, आणि चौकटीशी त्याची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे.

शेवटी एक तांब्या पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते मिनिटभरात बाहेरच्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. गेलं नाही तर पैसे चुकते करू नका.

चौकटीवरची संरक्षक टेप काम आटोपताच काढा. उन्हाळाभर राहिली तर गोंद भाजून चिकटतो आणि मग ब्लेडने खरवडावा लागतो. सिमेंटचे ओले शिंतोडे लगेच पाण्याने धुवा, ते ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पाडतात.

१२. बाजूच्या फटी सिमेंटने भरल्या तर चालतं का?

चालत नाही. सिमेंट कडक असतं, चौकट उन्हाने वाढते-आकसते, आणि पहिल्याच वर्षी तिथे केसाएवढी भेग पडते. अर्ध्या इंचापर्यंतची फट सिलिकॉनने भरा. तिच्याहून मोठी असेल तर आधी फोमची दोरी किंवा पीयू फोम, आणि वरून सिलिकॉन. पीयू फोम उघडा ठेवू नका, उन्हात त्याचा भुगा होतो.

सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं मागा. नळी उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ते दुसऱ्या प्रकारचं आहे. ते काचेला ठीक, पण सिमेंटला नीट धरत नाही आणि ग्रॅनाइटवर डाग पाडतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून भिंतीचा रंग आधी करून घ्या. धुळीच्या किंवा ओल्या कडेवर सिलिकॉन मारलं तर पुढच्या पावसात ते फितीसारखं सोलून निघतं.

१३. पाऊस आला की खिडकीतून पाणी आत येतं. काच बदलावी का?

काचेतून पाणी सहसा येत नाही. तीन वाटा असतात: ट्रॅक, चौकटीची कड, किंवा वरची भिंत. कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारून शोधा, पण खालून वर या. आधी फक्त ट्रॅकवर, मग बाजूच्या कडांवर, मग छज्ज्याच्या सांध्यावर. ज्या टप्प्यावर आत ओल दिसेल तिथेच दोष.

बहुतेक वेळा दोष ट्रॅकमध्ये निघतो. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायची भोकं, म्हणजे वीप होल, पाडलेलीच नसतात किंवा मातीने बुजलेली असतात. चार फुटी खिडकीला इंचभर लांबीच्या किमान दोन-तीन खाचा हव्यात. नसतील तर फॅब्रिकेटर जागेवर पाडून देऊ शकतो. त्या सिलिकॉनने बुजवणं ही नेहमीची चूक आहे.

ट्रॅकच्या आतल्या कडेची उंचीही बघा. इंचभर उंच कड, ढोबळ हिशोबाने, ताशी ७० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यापर्यंत पाणी थोपवते. त्यापेक्षा जोराच्या वावधनात थोडं पाणी आत येईलच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस जास्त, तिथे उंच कडेचा ट्रॅक आणि दोन फुटी छज्जा दोन्ही ठेवा.

१४. जाळीचा पल्ला लावला, तरी डास येतात. का?

खिडकी अर्धवट उघडी ठेवल्यामुळे. काचेचा पल्ला अर्ध्यात थांबवला की इंटरलॉक सुटतो आणि काचेच्या दोन पल्ल्यांमध्ये उभी फट तयार होते. जाळी दुसऱ्या अर्ध्यावर असते, डास या फटीतून येतात. म्हणून काच एकतर पूर्ण सरकवा, नाहीतर पूर्ण बंद करा.

दुसरं, कोणता पल्ला उघडता ते बघा. जाळी सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असेल तर आतला काचेचा पल्ला सरकवा आणि मधला जागेवर राहू द्या. मग जाळीची पट्टी मधल्या पल्ल्याच्या पट्टीला बिलगते. मधलाच सरकवला तर तो आधार जातो. जाळी बाहेरच्या ट्रॅकवर असण्याचा आणखी एक फायदा आहे, काच उघडताना-लावताना जाळी हलवावी लागत नाही.

उंदीर, खारी, मांजरी फायबरची जाळी कुरतडतात किंवा फाडतात. धान्य साठवायच्या खोलीला स्टीलची, ३०४ ग्रेडची घ्या. जाळीने वारा बराच कमी होतो, तेवढी कसर प्रश्न ३ च्या हिशोबात धरा.

१५. वानरांचा फार त्रास आहे, चोरीचीही भीती. ग्रील आतून की बाहेरून?

बाहेरून, आणि खिडकीच्या आधी. ग्रीलची टोकं भिंतीत गाडलेली हवीत. खिडकीच्या ॲल्युमिनियमला स्क्रूने लावलेली ग्रील पहारीने सहज निघते. दहा-बारा मिमीची चौरस सळई आणि चार इंचांच्या आतली फट, म्हणजे लहान मूलही अडकत नाही.

वानर लॉक नसलेला पल्ला सरकवून आत येतं, म्हणून प्रत्येक पल्ल्याला लॉक आणि वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला उचलू न देणारा अँटी-लिफ्ट ठोकळा बसवून घ्या. निजायच्या खोलीतल्या एका ग्रीलला बिजागरी आणि आतून कुलूप ठेवा, किल्ली तिथेच जवळ टांगलेली. आग लागली तर दाराशिवाय बाहेर पडायला तीच वाट असते.

ग्रील आणि थ्री-ट्रॅक दोन्ही बसवायला भिंतीत जागा लागते. पाऊण इंची प्रकारात टू-ट्रॅकची चौकट अडीच इंचांच्या आसपास आणि थ्री-ट्रॅकची पावणेचार इंचांच्या आसपास रुंद असते. नऊ इंची भिंतीत सगळं मावतं. चार इंची भिंतीत थ्री-ट्रॅक घेतला तर ग्रील बाहेर पेटीसारखी काढावी लागते.

१६. पहिल्या वर्षी खिडकी मस्त सरकायची. आता पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात मोकळी होते. चाकं गेली का?

चाकं नव्हे, बहुधा जमीन हलते आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि पाया उथळ असेल तर भिंतही तिच्यासोबत वर-खाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग ही त्याची खूण. खात्री करायला चौकटीचे कर्ण ऑगस्टमध्ये मोजा आणि परत मेमध्ये मोजा. फरक बदलत असेल तर चाकं बदलून काही होणार नाही.

उपाय असे. घराभोवती अडीच-तीन फुटी पक्का ओटा करा आणि छपराचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका. चौकटीचे स्क्रू सोडून, पॅकिंग नव्याने देऊन ती परत गुण्यात बसवा, तेही पावसाळा संपल्यावर, कार्तिकाच्या सुमारास. वरचा ट्रॅक लिंटलला (खिडकीवरच्या आडव्या तुळईला) चिकटलेला असेल तर तिथे दोन-तीन सुतांची फट करून लवचीक सिलिकॉन भरा.

नवं बांधकाम असेल तर प्लिंथ बीमसोबत (जोत्यावरचा काँक्रीटचा पट्टा) खिडकीच्या खालून तीन इंची आरसीसी पट्टा, सिल बँड, घ्या. खर्च थोडा, आणि कोपऱ्याच्या भेगा त्याने पुष्कळ आवरतात.

१७. कवेलूचं घर आहे, मातीच्या भिंती आहेत, जुन्या सागवानी चौकटी आहेत. तिथे स्लायडिंग बसेल का?

मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमची चौकट थेट भिंतीला कधीही लावू नका. जुनी सागवानी चौकट घट्ट असेल तर ती काढूच नका. फक्त पल्ले काढा आणि ॲल्युमिनियमची चौकट तिच्या आत लाकडाला स्क्रूने लावा. दोन्ही बाजूंनी मिळून अडीच-तीन इंच जागा जाते, लहान खिडकीत ते खटकतं.

चौकटीचा खालचा भाग वाळवीने खाल्ला असेल तर तेवढंच लाकूड बदलता येतं. चौकटच नसेल तर आधी सिमेंट-काँक्रीटची किंवा लाकडाची चौकट होल्डफास्टसह (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्यांसह) बसवा. आलापल्लीकडच्या जुन्या सागाची चौकट आज तशी मिळत नाही. ती भंगारात काढायच्या आधी सुताराला दाखवा. पल्ले शाबूत असतील तर रंधा, नवी बिजागरी आणि आतून जाळीची फ्रेम एवढ्यावर काम भागतं, स्लायडिंगची गरजही पडत नाही.

१८. स्वयंपाकघर आणि न्हाणीला स्लायडिंग लावावी का?

स्वयंपाकघरात लावता येते, पण वरच्या फुटाच्या पट्टीत पक्का खण करून एक्झॉस्ट फॅनची जागा सोडा. फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून ट्रॅक लवकर गच्च होतो. चूल असेल तर तिच्या लगत स्लायडिंग नको. न्हाणीला तिरप्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी पुरते.

१९. पल्ला जड सरकतो, म्हणून ट्रॅकमध्ये खोबरेल तेल किंवा ग्रीस टाकलं तर?

दोन दिवस छान सरकेल, मग धुळीशी मिसळून त्याची काळी लेई होईल आणि चाकं जाम होतील. आपल्याकडे सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा आणि पऱ्हाटीचा कापूस उडत असतो, तो तेलावर बसला की निघत नाही. ट्रॅक रंगाच्या जुन्या कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मग हवा असेल तर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. वर्षातून दोनदा तरी: मृगाच्या आधी वीप होलसकट, आणि मळणी आटोपल्यावर.

२०. साफ केलं तरी जड सरकतो, किंवा लॉक लागत नाही. पल्ला स्वतः काढता येतो का?

येतो, पण दोघांनी मिळून. आधी अँटी-लिफ्ट ठोकळा सोडवा. पल्ला मधोमध आणा, दोन्ही हातांनी वरच्या ट्रॅकमध्ये उचला, खालची बाजू आपल्याकडे ओढा आणि खाली उतरवा. आतल्या ट्रॅकचा पल्ला आधी निघतो. पल्ला दहा किलोंच्या आसपास असतो, म्हणून खाली गोणपाट अंथरा.

चाक हाताने फिरवून पाहा. खडबडीत, चपटं किंवा गंजलेलं असेल तर त्याच मापाची जोडी आणा, एकच चाक बदलू नका. चाक ठीक असेल आणि नुसतं लॉक जुळत नसेल, तर बऱ्याच पल्ल्यांच्या कडेला खाली एक छोटा स्क्रू असतो. तो पेचकसने अर्धा-अर्धा फेरा फिरवून चाक वर-खाली करता येतं. तरीही लॉक जुळलं नाही तर चौकटीचे कर्ण मोजा आणि प्रश्न १६ कडे वळा. पल्ला परत चढवल्यावर अँटी-लिफ्ट ठोकळा आठवणीने लावा.